पसरणीच्या घाटात एक थेंब

बालमित्रांनो, तुम्ही कधी वाईला आला आहात का? आला असाल तर कृष्णेच्या काठचा तो ढोल्या गणपती नक्कीच पाहिला असेल. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं. पुढच्या वेळी आलात तर देवळाच्या मागच्या बाजूला जरूर जा. तिकडची भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती आहे. नदीला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. पाण्याचा दाब कुठे किती पडणार, हे त्या काळच्या गवंड्यांना पक्कं ठाऊक होतं, बरं का!

आज मात्र मी तुम्हांला देवळात नेणार नाही. आज जायचं आहे पसरणीच्या घाटात, तेही सायकलवर. दाबाची गोष्ट तिथेही आहेच, पण ती पाण्याच्या दाबाची नाही, तेलाच्या दाबाची.

तर झालं असं. नाताळच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून आला. वय वर्षं पंधरा. येताना एका ओळखीच्या टेंपोतून स्वतःची सायकल घेऊन आला. शेजारच्या दादाने वापरून दिलेली, पण काय तिचा थाट! जाडजूड टायर, पुढे झटके खाणारा काटा आणि दोन्ही चाकांच्या मध्यभागी चकाकणाऱ्या पोलादी चकत्या. म्हणजे डिस्क ब्रेक. माझ्या वडिलांच्या काळ्या सायकलला सळईचे ब्रेक होते, माझ्या सायकलला तारेचे आहेत आणि भाचेबुवांच्या सायकलला तारही नाही! मुठीपासून चाकापर्यंत नुसती एक काळी नळी.

"मावशी, यात तेल असतं. बोटाने ओढलं तरी थांबते," तो ऐटीत म्हणाला.

रविवारी सकाळी सातला आम्ही निघालो. थंडी अशी की बोटं मुठीवर वळेनात. वाईतून बाहेर पडलं की दोन्हीकडे ऊस आणि हळद. वाईची हळद प्रसिद्ध आहे, हे तुमच्या आईला विचारा. थोड्याच वेळात पसरणी गाव लागतं. शाहीर साबळे यांचं हे गाव. १९२३ साली त्यांचा जन्म इथलाच. तुम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनात ज्या लोकधारेवर नाचता ना, ती महाराष्ट्रभर गाजवली ती त्यांनी. गाव मागे पडलं की रस्ता डोंगराला भिडतो आणि मग सायकलवाल्याची खरी परीक्षा सुरू होते.

वाई ते पाचगणी अंतर बाराएक किलोमीटर, पण तेवढ्यात चढायचं असतं सुमारे सहाशे मीटर! म्हणजे एकावर एक दोनशे मजली इमारत रचल्यासारखंच. पहिल्या दोन वळणांपर्यंत भाचेबुवा पुढे होते, तिसऱ्याला माझ्या बरोबर आले आणि चौथ्याला म्हणाले, "मावशी, फोटो काढायला थांबू या का?" मी मनात हसले. फोटो काय, मलाही धाप लागलीच होती.

पण थांबण्यासारखी जागाच आहे ती. एका बाजूला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा आणि कठड्यापलीकडे सगळं खोरं. कृष्णेची चकाकणारी रेघ, धोम धरणाचं निळं पाणी आणि पांडवगडाचा डोक्यावर ठेवलेल्या टोपीसारखा कातळमाथा. कठड्यावर माकडं बसलेली असतात. त्यांना खायला देऊ नका हं; ती मग रस्त्यावर उतरतात आणि गाड्यांखाली येतात. ऊन वर आलं की दरीतलं धुकं हळूहळू फाटत जातं आणि खालची शेतं एकेक करून दिसू लागतात. हे पाहायचं तर सायकलच हवी. मोटारीतून वळणं दिसतात, खोरं दिसत नाही. (हे माझं मत. मोटारवाल्यांनी रागावू नये.)

साडेनऊच्या सुमाराला आम्ही सिडने पॉइंटपाशी पोचलो. डबा खाल्ला. पुढे पाचगणीत शिरून स्ट्रॉबेरी घेतली. मग भाचेबुवांनी हात चोळत जाहीर केलं, "आता खरी मजा! एकदम खालपर्यंत सुसाट!"

मी शाळेत शिकवते. सहलीला निघण्याआधी मुलं मोजायची खोड मला जन्माची लागली आहे. तशीच, उतरणीला लागण्याआधी ब्रेक दाबून पाहायची. माझे पाहिले. मग त्याचे. डावा, म्हणजे मागच्या चाकाचा ब्रेक दगडासारखा घट्ट. उजवा, म्हणजे पुढच्या चाकाचा दाबला आणि मूठ लोण्यात बोट घालावं तशी थेट दांड्याला जाऊन टेकली. सायकल पुढे ढकलली तर चाक आरामात फिरत होतं. मुठीखाली बोट फिरवलं, तर बोट तेलकट.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो स्ट्रॉबेरीकडे पाहत होता.

"हे कधीपासून?"

बराच वेळ उत्तर नाही. मग म्हणाला, "सकाळी एक थेंब दिसला होता. मी रुमालाने पुसला. सांगितलं असतं तर तू आणलंच नसतंस."

खरं होतं ते. मी आणलंच नसतं. चढताना ब्रेक लागतो कुठे? म्हणून दोन-अडीच तास कोणाच्या काही लक्षात आलं नाही आणि थेंब थेंब करत तेल गळत राहिलं. मला राग आला होता, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मी गप्प बसले. शिवाय सकाळी वाईत ब्रेक दाबून पाहायला मी तरी कुठे थांबले होते?

"मागचा आहे ना चांगला! हळूहळू उतरू," तो म्हणाला.

तुम्हीही असंच म्हणाला असतात ना? म्हणून थोडं गणित करू. तो आणि सायकल मिळून ७५ किलो. उतरायचं ६०० मीटर. वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे ४ लाख ४१ हजार ज्यूल. एवढ्या ऊर्जेत सव्वा लिटर थंड पाणी खळखळा उकळेल! उतरताना ही सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. थोडी वारा घेतो, बाकीची ब्रेकला उष्णता म्हणून सोसावी लागते. दोन चकत्या असल्या तर वाटणी होते. एकच असली तर शे-दीडशे ग्रॅमच्या त्या पातळ पत्र्यावर सगळा भार. आणि दुसरी गोष्ट. ब्रेक दाबला की आपलं वजन पुढच्या चाकावर जातं. बस थांबताना आपण पुढे झुकतो ना, तसंच. मागचं चाक हलकं होतं आणि जोरात ब्रेक लावला की घसरतं. पसरणीच्या वळणावर, खाली दरी आणि समोरून ऊस भरलेला ट्रक असताना मागचं चाक घसरणं म्हणजे काय, ते मी तुम्हांला सांगायला नको.

तेव्हा उतरायचं नाही, हे ठरलं. बाजारात एक सायकल दुरुस्तीवाले काका दिसले. माणूस मोठा भला. त्यांनी मूठ दाबून पाहिली आणि म्हणाले, "तेल संपलंय बाई. मोटरसायकलचं ब्रेक ऑइल आहे माझ्याकडं. टाकू का? पाच मिनिटांत होईल."

पाच मिनिटांत! भाचेबुवांचे डोळे चमकले. माझंही मन हललं, खोटं कशाला सांगू. पण मुठीवरच्या छोट्या टाकीच्या झाकणावर बारीक इंग्रजी अक्षरं होती. चष्मा पुसून वाचली. 'फक्त मिनरल ऑइल' असा त्याचा अर्थ.

इथे जरा थांबा, कारण ही गोष्ट मोठमोठ्यांनाही ठाऊक नसते. सायकलच्या अशा ब्रेकमध्ये दोन जातींची तेलं वापरतात. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. स्रॅम, हेज, होप यांच्या बहुतेक ब्रेकमध्ये मोटरसायकलसारखं 'डॉट' तेल असतं. दिसायला दोन्ही तेलंच, पण एकमेकांची वैरी. ब्रेकच्या आत रबराच्या बारीक कड्या असतात. एका तेलासाठी केलेलं रबर दुसऱ्या तेलात फुगतं, मऊ पडतं आणि गळती दसपट वाढते. बरं, ते लगेच कळतही नाही. काकांनी तेल घातलं असतं तर ब्रेक लागलाही असता! घाटाच्या मध्यावर काय झालं असतं, ते कोण जाणे. डॉट तेल हाताला आणि रंगालाही वाईट. सायकलवर सांडलं तर रंग सोलून काढतं.

काकांना झाकण दाखवलं. त्यांनी ते वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, "बरं झालं दाखवलंत. मी आजपर्यंत सगळ्यांत तेच घालत होतो." मग त्यांनीच भाजीची खोकी पोचवून वाईला परत निघालेला एक पिकअप गाठून दिला. आम्ही दोघं सायकलींसकट मागे बसून घाट उतरलो. भाचेबुवा सबंध वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून योग्य तेलाची बाटली, सिरिंज, छोटं नरसाळं आणि पितळेच्या दोन-तीन कड्या आणल्या. अंगणात सायकल उभी केली. गल्लीतली चार पोरं कुंपणावर येऊन बसलीच.

दुरुस्तीआधी मी त्यांना एक प्रयोग दाखवला. तुम्हीही करा, घरीच होतो. औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन सिरिंज आणा, एक बारीक, एक जाड. मध्ये सलाइनची नळी जोडा आणि सगळ्यात पाणी भरा. बारीक सिरिंजचा दट्ट्या दाबला की जाडीचा वर येतो. आता एकाने बारीक दट्ट्या दाबायचा आणि दुसऱ्याने जाड दट्ट्या अडवून धरायचा. पहिलीतलं पोर दादाला हरवतं! कारण ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधून काढलं. १६२३ ते १६६२, उणंपुरं ३९ वर्षांचं आयुष्य, पण काम केवढं! बंदिस्त द्रवाला एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. समजा, मुठीतला दट्ट्या १० मिलिमीटर व्यासाचा आणि चाकाजवळचा २० मिलिमीटरचा. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, म्हणजे जोरही चौपट. फुकट मात्र नाही हं. मोठा दट्ट्या सरकतो तो चौथा हिस्साच. म्हणून ब्रेकचे पॅड चकतीच्या अगदी जवळ, केसभर अंतरावर ठेवलेले असतात.

आता त्याच नळीत हवेचा एक बुडबुडा सोडा आणि पुन्हा दाबा. दट्ट्या स्प्रिंगसारखा मऊ लागतो. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. तुमचा सगळा जोर त्या बुडबुड्याला चेपण्यात जातो. तेल गळलं की त्याच्या जागी हवा शिरते. भाचेबुवांची मूठ लोण्यासारखी झाली ती यामुळेच.

मग गळती शोधली. तेल सगळीकडे पसरलेलं असतं, त्यामुळे नुसतं पाहून कळत नाही. आधी मूठ, नळी, चाकाजवळचा भाग असं सगळं स्वच्छ पुसून कोरडं केलं. जिथे जिथे जोड आहे तिथे तिथे पांढरा कागदी रुमाल गुंडाळला आणि मूठ जोरात दाबून धरली. दहा मिनिटांनी मुठीजवळच्या रुमालावर रुपयाएवढा डाग. चोर सापडला! नळी जिथे मुठीत शिरते तो जोड. येताना टेंपोत जागा कमी, म्हणून हँडल पार उलटं वळवून कोंबलं होतं. नळी ताणली गेली आणि जोड हलला. तुम्हीही सायकल गाडीतून नेता ना? नळीकडे लक्ष ठेवा.

आधी पान्याने तिथली नट जराशी आवळून पाहिली. कधी कधी तेवढ्याने भागतं. आमचं भागलं नाही, डाग पुन्हा आलाच. "अजून पिळ ना!" कुंपणावरून सल्ला आला. पण तसं करायचं नसतं. नटीच्या आत पितळेची एक बारीक कडी असते. नट आवळली की ती चेपते आणि नळीला घट्ट मिठी मारते. एकदा चेपली की ती पुन्हा कामाची नाही. कितीही पिळा, नटीचे आटे मात्र जातील. म्हणून नट सोडली, नळीचं खराब टोक धारदार पात्याने अगदी काटकोनात कापलं, आत नवा टोकदार तुकडा बसवला, नवी कडी सरकवली आणि नळी मुठीत पार आतपर्यंत दाबून धरून नट आवळली. दाबून धरायचं काम भाचेबुवांकडे होतं. जीभ दातांत धरून धरलं बिचाऱ्याने.

पुढचा भाग हवा काढण्याचा. पुढचं चाक काढून लांब ठेवलं. का, तर तेलाचा एक थेंब जरी पॅडवर किंवा चकतीवर पडला तरी ब्रेक घसरतो आणि किंचाळतो. चकती स्पिरिटने पुसता येते, पण तेल प्यालेले पॅड फेकूनच द्यावे लागतात. आमचं नशीब की तेल नळीवरून अर्ध्यावरच ओघळलं होतं. पॅडही काढले आणि त्यांच्या जागी प्लॅस्टिकचा ठोकळा बसवला. चाक काढलेलं असताना मूठ कधीही दाबायची नाही, नाहीतर दट्टे बाहेर येऊन बसतात. कुंपणावरच्या एकाचा हात तिकडे गेलाच होता. माझा वर्गातला आवाज ऐकून आला तसा परत गेला.

मुठीचा वरचा स्क्रू काढून तिथे नरसाळं बसवलं. खाली चाकाजवळच्या बारीक तोटीला तेलाने भरलेली सिरिंज नळीने जोडली. तोटी किंचित सैल केली आणि सिरिंज अगदी सावकाश दाबली. तेल खालून वर ढकलायचं, कारण बुडबुडे वरच जातात. हा नियम आहे सोडावॉटरच्या बाटलीचा, त्याला पास्कलही लागत नाही! थोड्या वेळात नरसाळ्यात पहिला बुडबुडा आला. टुप्! मग दुसरा. मग एकदम सातआठ. पोरं कुंपणावरून उतरून भोवती जमली आणि मोजू लागली. नळीवर टिचक्या मारल्या की चिकटून बसलेले सुटतात, हे भाचेबुवांनी स्वतःच शोधून काढलं. सत्तावीस बुडबुड्यांनंतर नरसाळं शांत झालं. तोटी घट्ट केली, मूठ हळूहळू दाबली-सोडली, आणखी दोन आले. मग काही नाही. स्क्रू लावला, सगळं पुसलं, हात धुतले, पॅड आणि चाक परत बसवलं.

मूठ दाबली. दगड!

"आता घाट?" भाचेबुवांनी विचारलं.

"आधी गल्ली," मी म्हटलं. दोन दिवस त्याने गल्लीत, मग कृष्णेच्या घाटाजवळच्या उतारावर सायकल चालवली. दर वेळी परत आला की जोडावरचा कागद काढून मला दाखवायचा. मी न विचारता.

गुरुवारी पुन्हा पसरणीचा घाट चढलो. वर पोचल्यावर त्याने स्वतःच दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, मग माझे पाहिले. जोडावर त्याने आपला पांढरा रुमाल गच्च बांधला होता, तोच तो, आठवड्यापूर्वीचा. तेलाचा जुना डाग धुऊनही नीट गेला नव्हता, म्हणून ती बाजू बाहेर ठेवली होती. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. वळणाआधी दाबायचा, वळणावर सोडायचा, म्हणजे चकतीला वारा लागतो आणि ती निवते. दर तीनचार वळणांनी आम्ही कठड्याशी थांबत होतो. चकतीला हात लावू नका बरं, चांगलाच चटका बसतो. पण थंडीच्या सकाळी तिच्याजवळ तळहात नेला की शेकोटीजवळ नेल्यासारखी ऊब लागते. खाली खोऱ्यात धुकं होतं. धोमचं पाणी अजून दिसत नव्हतं, नुसता पांडवगडाचा माथा वर आलेला.

वाईत कृष्णेच्या पायऱ्यांवर येऊन थांबलो तेव्हा साडेदहा वाजले होते. भाचेबुवांनी सायकल लावली, रुमालाची गाठ सोडली, आतली बाजू उन्हाकडे धरली आणि दोन्ही अंगांनी निरखून पाहिली.

"मावशी," तो म्हणाला, "कोरडा आहे. तूच बघ."

मी पाहिला. मग आम्ही मिसळ खायला गेलो.